तिरक्या रेघेची यादी

१

वकिलांच्या शनिवारच्या वर्गाचं हजेरीचं पुस्तक द्यायला रमाबाई अहिरे सोमवारी सकाळी टिपणीस वकिलांच्या ऑफिसात शिरल्या आणि दारातच थबकल्या. आत टिपणीस ओरडत होते. आता रघुनाथ टिपणीस ओरडले असं कल्याण कोर्टात कुणाला सांगितलं असतं, तर ऐकणारा हसला असता. तीस वर्षांत या माणसाने उलटतपासणीतसुद्धा आवाज चढवला नव्हता.

"अशिलाने विश्वासाने दिलेली गोष्ट तू चव्हाट्यावर मांडलीस! माझ्या ऑफिसातून! माझ्या!"

समोर त्यांची ज्युनियर प्रियांका साळवे उभी होती. सत्तावीस वर्षांची, रमाबाईंच्याच कोळसेवाडीतली, घराण्यातली पहिली वकील. मान खाली होती, पण डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता. कोपऱ्यात धोंडीबा कारकून भिंतीला चिकटून उभा होता.

"काय झालं सर?" रमाबाईंनी विचारलं.

टिपणीसांनी खुर्चीत अंग टाकलं आणि सांगायला लागले. डोंबिवली एमआयडीसीत 'सुरंगी डाईज' नावाचा कापडरंगांचा कारखाना. बाहेरच्या देशांतली मागणी आटली, तसा तोही धापा टाकायला लागला. मालक कोठारे तीन आठवड्यांपूर्वी गुपचूप टिपणीसांकडे आले. कंपनी नादार ठरवून घेण्याचा अर्ज करायचा होता. अर्ज दाखल होईपर्यंत कुणाला कानोकान खबर लागता कामा नये, एवढीच त्यांची अट होती. अर्जासोबत कामगारांची यादी जोडायची होती. शनिवारी संध्याकाळी सहाला त्याच यादीचा फोटो कामगारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर झळकला. वर मालकांची सही नाही, शिक्का नाही, नुसती नावं. आणि पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत पेन्सिलची एक लांबलचक तिरकी रेघ.

"कामगारांना वाटलं, एकजात सगळ्यांना कापलं. रविवारी सकाळी सगळे गेटवर. कोठारे मला फोनवर म्हणाले, टिपणीस, तुमच्यावर विश्वास ठेवला हीच माझी चूक."

"आणि यात प्रियांकाचा काय संबंध?"

"सतरा नंबरचं नाव वाचा. राजरत्न साळवे, फिटर. हिचे वडील." टिपणीसांचा आवाज एकदम थकला. "यादी ऑफिसच्या कपाटात, आणि कपाटाच्या किल्ल्या तिघांकडे. मी, धोंडीबा आणि ही. मी सांगितलं नाही. धोंडीबाला फोनवर फोटो काढता येत नाही. उरलं कोण?"

टेबलावर टाइप केलेला कागद होता. बार कौन्सिलकडे तक्रार. उद्या पाच वाजता धोंडीबा ती पोस्टात टाकणार होता. म्हणजे चौकशी लागणार आणि प्रियांकाची सनद जाणार. सनद गेली की वकिली गेली, आणि साळव्यांच्या घरातली पंधरा वर्षांची धडपड पाण्यात.

रमाबाईंनी हजेरीचं पुस्तक टेबलावर ठेवलं नाही. तसंच पिशवीत परत घातलं.

"उद्या पाचपर्यंत वेळ आहे ना सर? मग तो फोटो जरा मला पाठवा."

२

रमाबाईंचं थोडं सांगायला हवं. चौतीस वर्षं कोर्टात काढून त्या शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाल्या. कोर्टात कुठला कागद कुठल्या गठ्ठ्यात, कुणी कधी मागितला, कुणी कधी दाबला, हे न्यायाधीश बदलले तरी बाईंना ठाऊक असायचं. निवृत्तीनंतर त्यांना घरी करमेना. दिवसभर टीव्हीसमोर बसणाऱ्या बायकांविषयी त्यांचं मत फारसं चांगलं नव्हतं.

तेवढ्यात टिपणीसांनी 'शनिवार वर्ग' काढला. मंदी आली तशी कल्याण-डोंबिवलीतल्या व्यापारी वकिलांची पंचाईत झाली होती. जन्मभर यांनी काय लिहिलं? भागीदारीपत्रं, भाडेकरार, कर्जाचे कागद. आता नवे धंदे निघत नव्हते, जुने बुडत होते, आणि बुडणाऱ्याला वाचवायचा कायदा कुणी धड वाचलेला नव्हता. म्हणून दर शनिवारी तीन ते पाच, एमआयडीसीतल्या निवासी विभागाच्या हॉलमध्ये, डोक्यावरचे केस गेलेले वकीलसुद्धा वही घेऊन बसायला लागले. दहा शनिवार भरले की प्रमाणपत्र मिळणार होतं, आणि ते असेल तरच बँका पॅनेलवर ठेवणार होत्या.

वर्गाची सगळी व्यवस्था रमाबाईंकडे होती. हजेरी घ्यायची, टिपणं वाटायची, मधल्या सुट्टीत नंदाच्या गाडीवरचे वडे मागवायचे, आणि शेवटी हॉल झाडून थाळे नि उरलंसुरलं सगळं नंदाकडे पोचवायचं.

ऑफिसातून निघाल्यावर कोर्टासमोरच्या हॉटेलात त्यांनी प्रियांकाला चहा पाजला.

"एकच विचारते. तू सांगितलंस?"

"नाही मावशी."

"घरी? बोलता बोलता? एवढंसंही?"

"ती यादी मीच टाइप केली मावशी," प्रियांका कपाकडे बघत म्हणाली. "बाबांचं नाव मीच टाइप केलं. त्यानंतर तीन आठवडे रोज त्यांच्यासमोर जेवायला बसतेय. नाही सांगितलं."

रमाबाईंनी कप खाली ठेवला. त्यांना आपला नवरा आठवला. मोहन्याच्या कारखान्याला टाळं लागलं तेव्हा तो आठ दिवस रोज सकाळी डबा घेऊन निघत होता, बायकोला कळू नये म्हणून. ज्याला माहीत असतं त्याचे हाल काही कमी नसतात.

त्यांनी चष्मा चढवला आणि फोनवरचा फोटो मोठा केला. फोटो घाईत काढलेला होता. कागद जरा चुरगळलेला. मधोमध एक गोल काळपट डाग, बहुतेक फोन धरणाऱ्याच्या हाताची सावली. आणि ती तिरकी रेघ. कोर्टातल्या सवयीने त्या बोटाने नावं मोजायला लागल्या.

"किती कामगार आहेत गं?"

"बेचाळीस."

रमाबाईंनी पुन्हा मोजलं. मग फोन प्रियांकाच्या हातात दिला. "तू मोज."

प्रियांकाने मोजलं आणि तिचा चेहराच बदलला.

"त्रेचाळीस," ती म्हणाली. "मावशी, कपाटातली यादी ही नाहीच!"

३

"सूरज," दुपारी धोंडीबा म्हणाला. टिपणीस कोर्टात गेले होते. "त्रेचाळिसावा तो सूरज. त्याने मागेच नोकरी सोडली होती. मालकांनी फोन करून सांगितलं, म्हणून पोरीने यादी परत छापली."

"आणि पहिली?"

"पहिली साहेबांच्या टेबलावर होती."

"मग?"

"मग काय बाई? चुकलेला कागद. असे दिवसाला पन्नास निघतात. महत्त्वाचं असलं तर साहेब स्वतः फाडतात. त्यांचा नियम आहे तो. दुसऱ्या कुणाला फाडू देत नाहीत."

रमाबाईंनी कपाटातली फाइल मागितली. यादी जागच्या जागी होती. बेचाळीस नावं, स्वच्छ कागद, रेघ नाही, मागची बाजू कोरी. म्हणजे कपाटाला कुणी हात लावलाच नव्हता. मग किल्ल्या तिघांकडे होत्या का तीसजणांकडे, याला काय अर्थ?

"धोंडीबा, तुम्ही इथे तीस वर्षं आहात. ऑफिसचं गुपित बाहेर जावं असं कुणाला वाटत असेल?"

म्हाताऱ्याने इकडेतिकडे पाहिलं. "मी कशाला कुणाचं नाव घेऊ? पण रविवारी अकरा वाजता गेटवर कोरी वकीलपत्रं घेऊन कोण हजर होतं, ते विचारा की."

तो नील पाटकर होता. रमाबाईंना हे नाव ऐकून नवल वाटलं नाही. नील कामगारांचे खटले चालवायचा, पण हल्ली व्यापारी कायदा शिकायला शनिवार वर्गालाही यायचा. टिपणीसांशी त्याचं कोर्टात दोनदा वाजलं होतं. बाररूममध्ये तो खिडकीजवळ एकटाच बसलेला सापडला.

"नीलभाऊ, गेटवर लवकर पोचलात म्हणे."

"अहो मॅडम, मोर्चाची बातमी सगळ्या डोंबिवलीला नऊलाच कळलेली. मी गेलेलो धंद्यासाठी. मंदी मला नाही का?" तो हसला, पण डोळे हसले नाहीत.

"शनिवारी वर्गाला होतात ना?"

"होतो की. सही आहे माझी."

"सही तर सगळ्यांचीच असते," रमाबाई म्हणाल्या. "वर्गाचं टिपण जवळ असेल तर बघू."

यात घाबरण्यासारखं काय होतं? एक पानाचं टिपण ते. पण नीलने बॅगेची चेन खाडकन ओढली.

"घरी राहिलं," तो म्हणाला. आणि बॅगेच्या तोंडातून वर आलेल्या टिपणाच्या कोपऱ्यावर त्याने हात ठेवला.

४

चारच्या सुमाराला रमाबाई डोंबिवलीला पोचल्या. सुरंगी डाईजच्या गेटबाहेर पंधरा-वीस कामगार सावलीला बसले होते. राजरत्न साळवे त्यांना बघून उठले. उंच, वाळके, बोटांच्या पेरांत कायमचा निळा रंग बसलेला.

"ताई, बसा. पोरगी बरी आहे ना?"

"तुम्हाला काय वाटतं राजरत्नभाऊ, फोटो कुणी पाठवला?"

राजरत्नांनी एकदा बाकीच्यांकडे पाहिलं. मग अगदी हळू म्हणाले, "आम्ही नाव घेणार नाही ताई. कुणीच घेणार नाही. मेलो तरी." आणि त्यांची छाती इतकी फुगली होती की रमाबाईंना सगळं कळलं. अरे देवा! या माणसाला खात्री होती, आपल्या लेकीनेच हे केलं. बेचाळीस घरांसाठी तिने स्वतःची सनद पणाला लावली, असं धरून तो चालला होता. आणि सगळे मिळून तिचं नाव लपवत होते. त्या लपवण्यानेच तिच्या गळ्यातला फास आवळत होता, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

"तुम्हाला आधी काही कुणकुण होती?"

"कसली हो! शुक्रवारी बदलापूरच्या कारखान्यातून बोलावणं आलेलं. चांगली जागा होती, फोरमनची. मी नाही म्हणून आलो. म्हटलं, इथे चोवीस वर्षं झाली, मालक सोडणार नाहीत. रात्री जेवताना घरी सांगितलं पण."

"प्रियांका होती जेवायला?"

"होती ना."

रमाबाईंनी ते मनात नोंदवून ठेवलं. ती नोंद त्यांना आवडली नाही.

ग्रुपवर पहिल्यांदा फोटो टाकणारा जगन होता. पंचविशीतला, मिशीला पीळ, रविवारपासून एकदम पुढारी झालेला.

"आपला सोर्स आहे आत," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "आतला माणूस. नाव नाय सांगणार. कसम आहे."

"नाव नको सांगूस रे राजा. मूळ फोटो तुझ्याच फोनमध्ये असेल ना? फिरून फिरून धूसर झालेला नाही, मूळचा. तेवढा दाखव."

आता म्हातारीला फोटो दाखवायला काय हरकत? जगनने दाखवला. मूळ फोटो लख्ख होता. रमाबाईंनी तो मधला काळपट गोल मोठा केला. ती सावली नव्हतीच. तो डाग होता, आणि डागापुरता कागद आरपार दिसत होता. त्या गोलातच, नावांच्या मागून, उलटी अक्षरं डोकावत होती.

रमाबाईंनी पर्समधून कुंकवाच्या डबीएवढा आरसा काढला आणि फोनसमोर धरला. अक्षरं सुलटी झाली.

'शनिवार वर्ग. पाठ चौथा.'

त्यांनी आरसा पुसून पुन्हा धरला. हे टिपण त्यांनी स्वतः वाटलं होतं.

५

त्या तिथेच कट्ट्यावर बसल्या आणि पिशवीतून हजेरीचं पुस्तक काढलं. शनिवारी एकतीस सह्या होत्या. दर शनिवारी एकतीसच असायच्या. टिपणीस त्या आकड्यावर खूश असायचे आणि टिपणंही मोजून एकतीस छापून आणायचे.

पण वडे? वडे रमाबाई माणसं मोजून मागवायच्या, सह्या मोजून नाही. शनिवारी सव्वीस प्लेटी लागल्या होत्या.

आता हे काही गूढ नव्हतं. दुसरं काम निघालेला वकील वर्गाला आला नाही, तर शेजारचा त्याची सही ठोकून द्यायचा. त्याने याची, याने त्याची. एकमेकांच्या सहीवर कोर्टात रान उठवणारी ही माणसं इथे मात्र डोळे मिटून घ्यायची. रमाबाईही मिटायच्या. कशाला कुणाच्या प्रमाणपत्रावर पाणी ओता, मंदीचे दिवस, ज्याला त्याला पोटं आहेत.

एकतीस टिपणं, सव्वीस माणसं. उरली पाच.

ती पाच गेली कुठे?

रमाबाईंनी आठवायचा प्रयत्न केला. वर्ग संपला, खुर्च्या लावल्या, थाळे पुसले... त्या उठल्या आणि कोपऱ्यावरच्या गाडीकडे जवळजवळ धावतच गेल्या. त्या रस्त्यावरच्या सगळ्या कारखान्यांची पाळी सुटली की माणसं तिथेच थांबायची.

नंदा वडे तळत होती.

"नंदा, शनिवारी संध्याकाळी वडापाव कशात बांधून दिलेस गं?"

"कागदात. का हो ताई?"

"कुठल्या?"

नंदाने झारा बाजूला ठेवला. "ऐका! मला विचारताय? तुम्हीच तर थाळ्यात घालून दिलेत. दर शनिवारी देता. एका बाजूला लिहिलेलं, दुसऱ्या बाजूला तिरकी रेघ मारलेली. चांगला जाड कागद असतो, तेल लवकर फुटत नाही."

रमाबाई गाडीजवळच्या स्टुलावर बसल्या. चौतीस वर्षांत त्यांच्या हातून एक चिटोरं इकडचं तिकडे झालं नव्हतं. आणि प्रियांकाच्या गळ्याला फास लावणारा कागद त्यांनी स्वतःच्या हाताने वड्याच्या गाडीवर नेऊन ठेवला होता.

"ताई, पाणी देऊ?" नंदा घाबरली.

"नको. उद्या दुपारी मला तुझी गरज लागेल. आणि त्या मिशीवाल्या जगनला इकडे हाक मार. त्याच्या 'आतल्या माणसाची' मला आता चांगली ओळख पटलीय."

६

मंगळवारी सव्वाचारला टिपणीसांच्या ऑफिसात बसायला जागा नव्हती. टिपणीस खुर्चीत, समोर पाकिटात घातलेली तक्रार. प्रियांका दाराशी. नील पाटकर बॅग मांडीवर घेऊन. धोंडीबा, नंदा आणि मिशी जरा खाली आलेला जगन. राजरत्न साळवे शेवटी आले आणि लेकीशेजारी उभे राहिले. रमाबाईंनी त्यांना मुद्दाम बोलावलं होतं, आणि त्याबद्दल त्यांना रात्रभर वाईट वाटलं होतं.

"सर, पाच वाजेपर्यंत माझी वेळ आहे," त्यांनी सुरुवात केली. "पहिली गोष्ट. फोटोतली यादी कपाटातली नाही. कपाटात बेचाळीस नावं, फोटोत त्रेचाळीस. ही पहिली, रद्द झालेली छपाई. प्रियांकाने ती तुमच्या टेबलावर ठेवली होती. पुढे तिचं काय झालं?"

"फाडली असेल मी."

"असेल?"

टिपणीसांनी टेबलाच्या कडेच्या ट्रेकडे पाहिलं.

"मग ही तिरकी रेघ कुणाची? कामगारांना वाटलं, मालकाने नावं कापली. धोंडीबा, सांगा."

धोंडीबाने हात जोडले. "माझी. साहेबांनी सांगितलंय, मंदी आहे, कागद दोन्ही बाजूंनी वापरायचा. साहेब पाठकोरे कागद ट्रेत टाकतात. मी संध्याकाळी वापरलेल्या बाजूवर पेन्सिलची रेघ मारतो, म्हणजे छापताना घोळ होत नाही. मी वाचत नाही साहेब. नुसती रेघ मारतो."

"कुठल्याही वकिलाच्या ऑफिसात हीच रीत," रमाबाई म्हणाल्या. "आणि रेघ मारलेली बाजू वकील वाचत नाही. मेलेली बाजू ती. म्हणून सव्वीस वकील असले कागद घेऊन घरी गेले आणि एकालाही काही दिसलं नाही. एक सोडून." त्यांनी नीलकडे पाहिलं. "नीलभाऊ, आता तरी चेन उघडा."

नीलचे कान लाल झाले. त्याने बॅगेतून टिपण काढून उलटं ठेवलं. तिरक्या रेघेखाली एका नोटिशीचं उत्तर होतं. नीलच्याच अशिलाविरुद्ध टिपणीसांनी केलेला कच्चा मसुदा.

"वाचलं मी," तो पुटपुटला. "तीनदा वाचलं. वाचायला नको होतं, कळतंय. काल मॅडमनी विचारलं तेव्हा मला वाटलं, माझीच चोरी पकडली."

टिपणीसांनी तो कागद उचलला. 

"तर असा हा प्रवास," रमाबाई पुढे म्हणाल्या. "शुक्रवारी टिपणं ट्रेतल्या कागदांवर छापली गेली. छापली कुणी? प्रियांका शुक्रवारी दिवसभर ठाण्याच्या कोर्टात होती, तुमच्याच डायरीत तारीख आहे. धोंडीबा प्रिंटरला हात लावत नाहीत. तुम्ही छापलीत सर, एकतीस. माणसं आली सव्वीस, कारण तुमचे वकील एकमेकांच्या सह्या करतात. उरलेली पाच टिपणं मी, रमाबाई अहिरे, निवृत्त शिरस्तेदार, न बघता थाळ्यात घालून नंदाला दिली. नंदाने त्यांत वडापाव बांधले. जगन, पुढचं तू सांग."

जगनने खिशातून घडी घातलेला कागद काढला. तेलाने पिवळा पडलेला. एका बाजूला पाठ चौथा, दुसऱ्या बाजूला त्रेचाळीस नावं.

"पाळी सुटल्यावर वडापाव घेतलेला," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "कागद टाकायला गेलो तर माझंच नाव. लगेच फोटो काढून ग्रुपवर टाकला. आता वड्याच्या कागदावर मिळालं असं सांगितलं असतं तर कोण ऐकणार होतं? म्हणून बोललो, आतला माणूस आहे. सगळ्यांना साळवेकाकांची मुलगीच वाटली. मग माझी हिंमतच नाय झाली."

"आतला माणूस!" नंदा फणकारली. "बटाटा होता आत!"

कुणीच हसलं नाही. टिपणीसांनी तो तेलकट कागद दोन्ही बाजूंनी पाहिला.

"पण हे सिद्ध काय करतं?" ते शेवटी म्हणाले. वकीलच तो, सवय सुटत नाही. "कागद असा गेला, मान्य. हिने तोंडी सांगितलंच नसेल कशावरून?"

रमाबाईंना याच प्रश्नाची भीती होती. त्यांनी राजरत्नांकडे पाहिलं.

"भाऊ, शुक्रवारी बदलापूरला काय झालं ते सांगा सरांना."

राजरत्नांनी सांगितलं. फोरमनची जागा, दिलेला नकार, रात्रीचं जेवण. लेकीने आधी सांगितलं असतं, तर ही जागा त्यांनी कशाला सोडली असती? सांगता सांगता त्यांचा आवाज सावकाश होत गेला, आणि मध्येच थांबला. ते लेकीकडे वळले.

"म्हणजे... फोटो तू नाही पाठवलास."

"नाही बाबा."

"आणि मी जेवताना सांगत होतो, बदलापूरला नाही म्हणून आलो. तेव्हा तुला माहीत होतं? आपली कंपनी बंद होणार ते?"

"तीन आठवड्यांपासून."

"आणि तू मला आमटी वाढलीस."

"हो बाबा." आता मात्र प्रियांकाच्या डोळ्यांतून पाणी आलं. "मला सांगता येत नव्हतं. कुणालाच नाही. तुम्हालाही नाही."

 रमाबाईंना मान वर करवेना. पोरीची सनद वाचवायला त्यांनी बापाचा अभिमान काढून घेतला होता, आणि वर हे दुःख दिलं होतं.

टिपणीस उठले. त्यांनी पाकीट उचललं, फाडलं, आतल्या कागदाचे चार तुकडे केले, मग आठ. "प्रियांका, माझं चुकलं," ते म्हणाले. "फार मोठं चुकलं." नंतर त्यांनी सगळ्यांसमोर फोन लावला. "कोठारे, टिपणीस बोलतोय. यादी माझ्या ऑफिसातून गेली. माझ्याच हातून. तुम्हाला वकील बदलायचा असेल तर आज संध्याकाळी सगळे कागद पाठवतो." पलीकडून काय आलं ते कळलं नाही. टिपणीस नुसतं "बरोबर आहे तुमचं, बरोबर आहे" म्हणत राहिले.

राजरत्न अजून लेकीकडेच बघत होते. बघता बघता त्यांनी बाहीने तोंड पुसलं.

"नीलवकील," ते म्हणाले, "तुमच्या वकीलपत्रांवर आम्ही अजून अंगठे-सह्या केल्या नाहीत. आमच्या लोकांचे दावे मांडायचेत. मी गेटवर सांगणार आहे, वकील हीच करा. सख्ख्या बापाला सांगत नाही ती दुसऱ्या कुणाला काय सांगेल?"

जगनने मान डोलावली. नीलने काही आक्षेप घेतला नाही.

"मला नाही घेता येणार बाबा," प्रियांका म्हणाली.

"का?"

"मी मालकांच्या बाजूचे कागद बघितलेत. आता तुमच्या बाजूने उभी राहिले तर तोच विश्वासघात."

"अगं, पण मालकच कदाचित टिपणीस साहेबांना सोडतील."

"सोडले तरी."

"मग मालकांनी अर्जात काय लिहिलंय, तेवढं तरी? आम्हाला तयारीला..."

"बाबा!"

राजरत्न थांबले. त्यांचा चेहरा एकदा कडक झाला, मग हळूहळू सैलावला, आणि ते ओल्या डोळ्यांनीच हसायला लागले.

"बघा ताई," ते रमाबाईंना म्हणाले. "मी बदलापूरची नोकरी घालवली, तरी हिचा एक शब्द नाही. आणि आता पण नाही. हिला वकील करायला मी रंगाच्या पिंपात पंधरा वर्षं काढली. मला काय ठाऊक, ही खरंच होईल म्हणून!"

मग ते खाली वाकले, लेकीची फायलींनी भरलेली बॅग त्यांनी तिच्या हातातून काढून आपल्या खांद्यावर घेतली, आणि म्हणाले, "चल. बदलापूरला अजून माणूस घेतला नसेल, तर उद्या सकाळी परत जाऊन विचारतो."